टॉवेलांमागच्या बाटल्या

ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्या एडिसनच्या घरात एक सकाळ अशी येते की पाय जमिनीला टेकताच मी "अगं आई गं" म्हणते आणि जाड पांघरुणं काढायला निघते. पांघरुणं वरच्या मजल्यावरच्या कपाटात असतात, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. आज ती सकाळ आली. यंदा पहिल्यांदा हीटर रात्रीच सुरू झाला होता. मी कपाटाचं दार उघडलं, आणि पांघरुणाच्या आधी वास हाताशी आला. ओल्या पोत्याचा, सुकलेल्या गवताचा, मागून थोडा गुळाच्या पाकाचा. फार मंद, पण ओळखू येईलच असा. मी हात वर तसाच धरून उभी राहिले.

खालून मैत्री, आमची मुलगी, ओरडत होती, "ममा, आय ॲम फ्रीझिंग! व्हॉट आर यू डुइंग अप देअर?"

काय करत होते ते तिला एका वाक्यात सांगता आलं नसतं. मी वास घेत होते. ते कपाट मी कितीदा पुसलंय, फळ्यांवरचा कागद बदललाय, टॉवेल तर जुने झाले म्हणून टाकलेसुद्धा. पण उन्हाळाभर कुठेतरी गप्प बसलेला हा वास घर पहिल्यांदा गरम झालं की बाहेर येतो. गेली काही वर्षं आमच्या घरात फॉल येतो तो असा कपाटातून. बाहेरची झाडं लाल-पिवळी होतात ते मला नंतर दिसतं.

तो वास मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने बनवलेला आहे.

मिलिंद कामठीचा. नागपूरच्या कॉलेजात पहिली सिगारेट ओढली आणि पुढे समुद्र ओलांडला, नोकऱ्या बदलल्या, घर घेतलं, ती काही सुटली नाही. त्यात गंमत अशी की तो एका औषधांच्या कंपनीत खोकल्याची सिरपं बनवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या खोकल्यावर उपाय शोधायचा आणि संध्याकाळी गॅरेजमागे कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून स्वतः खोकायचं. मी त्याला यावरून खूप छळलंय. च्युइंग गम झाला, दंडाला चिकटवायच्या पट्ट्या झाल्या, नवीन वर्षाचे संकल्प झाले. पण त्याचे वडील छातीच्याच आजाराने गेले होते, आणि शेवटी शेवटी मिलिंदचा खोकला ऐकताना माझी चेष्टा आतल्या आत विरून जायची. मला भीती वाटायची, खरी भीती.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना मी आईच म्हणते. त्या आल्यावर मिलिंद शर्ट बदलून, तोंडात बडीशेप टाकून घरात यायचा. आई काही बोलायच्या नाहीत. एकदा मात्र भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "सुजाता, हा बाहेरून आला की मी त्याचा वास नाई घेत. मी त्याचा खोकला ऐकतो. तंबाखूचा खोकला मले झोपेतही समजते." आणि परत देठं मोडायला लागल्या.

का समजतो, ते मला माहीत होतं. आईंनी आयुष्यभर बिड्या वळल्या. लग्नाआधी आणि लग्नानंतर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. मिलिंद शिकला तो त्या सुपावर. मी ठाण्याची, बिडी पानटपरीवर लटकलेल्या कट्ट्यात पाहिलेली, ती कोणाच्या तरी बोटांतून जन्माला येते हे मला लग्न होईपर्यंत सुचलंही नव्हतं.

आई आल्या आणि मिलिंदच्या मनाने घेतलं. "आई परत जायच्या आत सोडतो," तो मला म्हणाला. डॉक्टरशी बोलून, सगळे इतर उपाय हरल्यावर, तो व्हेप, म्हणजे वाफ ओढायची बॅटरीवरची सिगारेट, घेऊन आला. मी कपाळावर हात मारून घेतला. पण तो म्हणाला, "बघ, यात निकोटीन किती घालायचं ते माझ्या हातात असतं. मी हळूहळू कमी करत शून्यावर येणार. माझं कामच आहे यार हे." अडचण चवीची होती. दुकानातली प्रत्येक बाटली त्याला मुलांच्या वाढदिवसासारखी लागायची. केक, आइस्क्रीम, बबलगम, आणि कसलीशी निळी रास्पबेरी. दोन झुरके घेऊन तो तोंड वाकडं करायचा आणि गॅरेजमागे जायचा.

मग त्याने स्वतःच बनवायचं ठरवलं. गॅरेजमध्ये टेबल, हातात निळे ग्लोव्ह्ज, समोर छोटा काटा. दोन बिनवासाचे दाट-पातळ द्रव, मोजून निकोटीन, आणि वेगवेगळ्या सुगंधांचे थेंब. सगळं मिसळून त्याने पहिली बाटली माझ्या नाकाशी धरली. मी म्हटलं, अत्तराच्या दुकानात कोणीतरी टायर जाळलाय. तो अजिबात खट्टू झाला नाही. "आत्ता नको सांगू," म्हणाला, "अजून मुरायचंय."

व्हेपचं लिक्विडही मुरतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला अंधार लागतो, थंडावा लागतो आणि वाट बघणारा माणूस लागतो. म्हणून बाटल्या वरच्या कपाटात टॉवेलांच्या मागे गेल्या, मैत्रीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.

रविवारी सकाळी मिलिंद बाटल्या काढायचा, हलवायचा, झाकणं थोडा वेळ उघडी ठेवायचा आणि मला बोलवायचा. पहिल्या रविवारी तोच टायर. पुढच्या रविवारी टायर गेला होता, पण सुगंध एकमेकांशी भांडत होते. गवत वेगळं, पाक वेगळा, मध्येच काहीतरी तिखट. आणि मग एका रविवारी मी नाक लावलं आणि भांडण संपलेलं होतं. सगळं मिळून एकच काहीतरी झालं होतं. पाण्यासारखा रंग चहाच्या पहिल्या पाण्यासारखा झाला होता. कोणी काही घातलं नव्हतं, कोणी ढवळत बसलं नव्हतं. बंद बाटलीत, अंधारात, आम्ही ऑफिसला जात होतो, भांडत होतो, झोपत होतो, तेव्हा हे आपलं आपण चाललं होतं. मी थक्क झाले, आणि खरं सांगते, अजूनही आहे. मी मिलिंदला विचारलं, आत नेमकं होतं काय? त्याने थोडं विज्ञान सांगितलं, मग थांबून म्हणाला, "सगळं मलाही नाही माहीत." रोज प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाने असं म्हटलं की मला फार बरं वाटतं.

पण त्याला हवा होता तो वास अजून आलेला नव्हता. नेमका कोणता हवा होता ते त्याला सांगता येत नव्हतं. "तंबाखूचा, पण तंबाखूचा नाही. ओला आहे थोडा," एवढंच म्हणायचा आणि परत थेंब मोजायला बसायचा. निकोटीन मात्र प्रत्येक खेपेला थोडं कमी करत होता. सिगारेट पूर्ण बंद झालेली होती. गॅरेजमागचा कोपरा रिकामा पाहून मी मनातल्या मनात हात जोडायचे.

आईंचं ह्या सगळ्याकडे लक्ष होतं. बाटलीतल्या ऐवजाला त्या अर्क म्हणायच्या. सकाळी पांढरी साडी नेसून बुद्धवंदना झाली की त्या डेकवर जाऊन बसायच्या आणि समोरच्या मेपलची पानगळ बघायच्या. एवढं पान कोणी गोळा करत नाही, ब्लोअरने उडवून रस्त्याकडेला लावतात, याचा त्यांना धक्काच बसला होता. एक दिवस त्यांनी निवडून निवडून पानं उचलली, सिंकमध्ये भिजवली आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलेल्या मैत्रीला त्यांनी बोलावलं, तिची क्राफ्टची कात्री मागितली आणि कापायला लागल्या.

मी चहा टाकत होते, तो तसाच उकळत राहिला. पंचाहत्तरीला आलेली ती बोटं, जी सकाळी बटण लावताना थरथरायची, ती आता थरथरत नव्हती. पान कापलं, रिकाम्याच चिमटीने तंबाखू सोडल्यासारखं केलं, एक वळण, आणि दोऱ्याचा फेरा. कधी झालं ते दिसलंच नाही. मांडीवर एक चिमुकली लाल मेपलची बिडी पडलेली.

"आजी! हाऊ आर यू सो फास्ट? डू इट अगेन!" मैत्री जमिनीवर बसलीच.

आई हसल्या. "हे पान फुटून राहिलं," त्या मला म्हणाल्या. "तेंदू असा फुटत नाही. पण भिजवलं नाही तं तोही फुटतो. रात्रभर ओल्या पोत्यात ठेवावा लागते. पोत्यातून काढला की काय वास येते सुजाता, तुले काय सांगू."

तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी उकळलेला चहा गाळत बसले.

त्या ऑक्टोबरात मधेच काही दिवस चांगलं ऊन पडलं. थंडी मागे सरली, लोक परत अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले. एका शनिवारी मैत्री मैत्रिणीकडे होती आणि आम्ही दोघं आयसेलिनहून किराणा घेऊन नेहमीपेक्षा लवकर आलो. पिशव्या ठेवून मी डेकचं दार उघडलं. समोर ओव्हनचा ट्रे, त्यावर पांढरं फडकं, आणि त्यावर मिलिंदच्या सगळ्या बाटल्या उन्हात ओळीने उभ्या. आई शेजारी खुर्ची टाकून राखण करत होत्या. बाटल्यांतला रंग चहाचा राहिला नव्हता. काळपट तपकिरी झाला होता.

"आज पकडल्या गेलो," आई हसून म्हणाल्या. आम्ही ऑफिसला गेलो की त्या रोज बाटल्या उन्हात मांडायच्या आणि आम्ही यायच्या आत परत टॉवेलांमागे ठेवायच्या. "बिडी वळून झाली म्हणजे झाली नाई. ऊन दाखवा लागते, भट्टीवर शेका लागते, तवा चव धरते. म्हटलं हे पोरगं अंधारात ठेवून बसलं, किती दिवस लागतीन. लवकर मुरलं तं लवकर सुटेल त्याचं."

निकोटीनला ऊन सोसत नाही. मिलिंदने एका बाटलीचं झाकण उघडून हुंगलं. मिरपूड जाळल्यासारखा भपका माझ्यापर्यंत आला. सगळी खेप गेली होती, आणि रोज ओढायच्या आधीच्या बाटलीत तळाला फक्त ओल उरली होती. आता तो ओरडणार, असं मला वाटलं. पण त्याचं लक्ष बाटलीवर नव्हतंच. एक बाटली झाकणापाशी निथळत होती आणि आईंची बोटं ओली होती.

"आई, हात धू. आधी हात धू." त्याने त्यांना जवळजवळ ओढतच सिंकपाशी नेलं आणि साबणाने त्यांचे हात स्वतः धुवायला लागला. "हे कातडीतून आत जातं आई. म्हणून तर मी ग्लोव्ह्ज घालतो."

"अरे बाबू," आई हसायलाच लागल्या, "ह्या हातांनी जन्मभर तंबाखूच चाळला. आता कोणते ग्लोव्ह्ज?"

आणि हसता हसता त्या थांबल्या. नळ चालू होता.

"तवाही जात होतं का रे? हातातून?"

मिलिंद साबण चोळत राहिला.

"सांग ना. तू शिकलेला आहे ह्यातलं."

"हो आई. थोडं जायचं."

"अन् तू पोटात होता तवा?"

त्याने नळ बंद केला, त्यांचे हात टॉवेलाने कोरडे केले, एकेक बोट. मग किल्ल्या उचलल्या आणि बाहेर निघाला. कुठे जातोय ते मला विचारावं लागलं नाही. मी मागोमाग गेले आणि म्हटलं, गाडी मी चालवते. तेवढ्यात मागचं दार उघडून आई चपलांवरच गाडीत येऊन बसल्या. सीटबेल्ट लावायला त्यांना नेहमी मदत लागते. त्या दिवशी त्यांनी तो स्वतः लावला.

कोपऱ्यावरच्या गॅस स्टेशनच्या दुकानात मिलिंद गेला आणि पाकीट घेऊन परत आला. गाडीत बसला, पण पाकीट उघडलं नाही. मागून आईंचा हात पुढे आला, तळवा वर. शाळेतल्या मुलासारखं त्याने पाकीट त्या हातावर ठेवलं. त्यांनी वेष्टण काढलं, एक सिगारेट बाहेर काढली, दोन बोटांत धरून फिरवली, हलकेच दाबली.

"भरण सैल आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं हे छाटात गेलं असतं. ठेकेदारानं तोंडावर फेकलं असतं."

मिलिंदला हसू फुटलं. मग खोकला आला, मग डोळ्यांना पाणी, आणि ते हसण्याचं की कशाचं ते मी पाहिलं नाही. मी समोरच्या पंपाकडे बघत राहिले.

"मांडीवर असताना तू शिंकायचा," आई मागून म्हणाल्या, आवाज अगदी साधा. "पहिले पहिले खूप शिंकायचा. मग शिंकणं बंद झालं. मले वाटलं, पोरगं शहाणं झालं, कामात त्रास देत नाई." सिगारेट परत पाकिटात सरकवून म्हणाल्या, "मुरत होता तू. मीच मुरवलं तुले."

मागे वळून त्यांना मिठी मारावी तर स्टिअरिंग मध्ये, सीटची पाठ मध्ये. मिलिंदने हात मागे नेला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. पाकीट परत मागितलं नाही. "तुझ्याकडेच ठेव," म्हणाला. मी गाडी सुरू केली.

त्यानंतरचे काही आठवडे कठीण गेले. तो चिडायचा, दारं आपटायचा, परत पट्ट्या चिकटवायचा. पण गॅरेजमागे गेला नाही. आणि त्याच दिवसांत त्याने नवी खेप मांडली. या वेळी थेंब मोजायला एकटा बसला नाही. आईंना समोर खुर्चीवर बसवलं, हातांत निळे ग्लोव्ह्ज घालायला लावले (त्यात त्या एखाद्या सर्जनसारख्या दिसायच्या, आणि त्यांना ते आवडायचंही) आणि विचारत राहिला. पोत्यातून पान काढलं की पहिला वास कशाचा? ओलीचा. मग? मग गवतासारखा, पण कोवळ्या नाही, उन्हातल्या. मग? मग गोड. कुठून गोड, ते आईंना सांगता येईना. डोळे मिटून बसल्या. शेवटी म्हणाल्या, पान कापताना भूक लागू नये म्हणून पदरात गुळाचा खडा बांधायची मी. तो घामाने वितळायचा.

मिलिंदने पाकाचा एक थेंब वाढवला.

ती खेप थंडी आली तशी मुरत गेली. डिसेंबरात हवं ते जमलं. मग एकेक खेप निकोटीन कमी, आणखी कमी. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आत टॉवेलांमागे बाटल्या. मी रविवारी हुंगायला जायचे आणि मनात म्हणायचे, एवढं काढून घेतलं तर वास फिका व्हायला हवा. तो होत नव्हता. प्रत्येक खेपेला जरा जास्तच गहिरा. माझ्या समजुतीप्रमाणे तो वास तंबाखूचा होता, आणि तंबाखूच जात चालला होता. मला हे कोडं सुटत नव्हतं.

आईंच्या परतीच्या आधीच्या रविवारी मिलिंदने शेवटची बाटली काढली. तोपर्यंत त्याचं ओढणं जवळजवळ सुटलंच होतं. ही बाटली त्याने ओढण्यासाठी केलीच नव्हती, आणि पुढे कधी ओढलीही नाही. बॅगा भरून झाल्या होत्या. गॅस स्टेशनवरचं ते पाकीट आईंनी आदल्याच दिवशी फ्लश करून टाकलं होतं, एकेक सिगारेट मोडून, आणि मग टॉयलेट तुंबलं म्हणून ओशाळल्या होत्या. त्या पलंगावर बसल्या होत्या. मिलिंद खाली जमिनीवर बसला, त्यांच्या गुडघ्यापाशी, आणि झाकण काढून बाटली वर धरली.

आईंनी वास घेतला. डोळे मिटले. त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप पसरला, जणू तिथे सूप आहे.

"हे तं आपलं घर होय," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून घाबरल्यासारखं विचारलं, "तंबाखू किती आहे रे यात?"

"काहीच नाही आई. एक थेंबही नाही."

"मग वास कशाचा येऊन राहिला?"

मिलिंद म्हणाला, "तुझा."

आईंनी बाटली त्याच्या हातून घेतली. झाकण शोधलं, नीट बसवलं, घट्ट फिरवलं, आणि परत एकदा फिरवून पाहिलं. "मग उघडी काहून ठेवतो," त्या म्हणाल्या. "उडून जाईन ना."

ती बाटली अजून तिथेच आहे, टॉवेलांच्या मागे. आता तिचा रंग जुन्या मधासारखा झालाय. घट्ट बंद असूनही हा वास बाहेर कसा येतो, हे मी मिलिंदला विचारत नाही. काल कामठीला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा आईंनी नेहमीसारखं त्याला खोकून दाखवायला सांगितलं, आणि त्याने खोटं खोटं खोकून दाखवलं. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि पास केलं.

"ममा!" खालून परत हाक आली.

मी पांघरूण काढलं, आणि कपाटाचं दार घट्ट लावून घेतलं.